कंपनीतील वकील आणि कामगाराच्या हक्काचा पैसा

(संस्थेच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आपल्या संस्थेला पन्नास वर्षे पूर्ण झाली, त्यानिमित्ताने समाजातील निरनिराळ्या व्यवसायांतील मंडळींनी आपापल्या कामाची ओळख करून द्यावी, अशी कल्पना समितीने मांडली आणि या मालेत एक पुष्प गुंफण्याची जबाबदारी माझ्यावर सोपवली, याबद्दल मी ऋणी आहे. डॉक्टर, प्राध्यापक, सनदी लेखापाल यांची व्याख्याने आपण ऐकली. त्यांचा व्यवसाय काय हे कोणाला सांगावे लागत नाही. माझ्या बाबतीत मात्र तीच खरी अडचण आहे. मी कायद्याची पदवीधर आहे, पण न्यायालयात उभी राहत नाही. काळा कोट कपाटात आहे. लग्नकार्यात भेटणारे नातेवाईक विचारतात, "वकील आहेस, मग कोर्टात का जात नाहीस?" हा प्रश्न गेली पंचवीस वर्षे मी ऐकत आले आहे, तेव्हा आज सर्वांना मिळून एकदाच उत्तर देऊन टाकते.

आपल्या देशात वकिली करणाऱ्या व्यक्तीला कोणाचीही पूर्णवेळ पगारी नोकरी करता येत नाही. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमावलीतील ४९ वा नियम तसे स्पष्ट सांगतो आणि सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये एका प्रकरणात तो काटेकोरपणे लागू केला आहे. म्हणून कंपनीच्या विधी विभागात नोकरी पत्करणाऱ्याने आपली सनद स्थगित करून घ्यायची असते. नोकरी सोडली की ती पुन्हा चालू करता येते. म्हणजे ज्ञान वकिलाचे, पद अधिकाऱ्याचे आणि पगार कंपनीचा, असा हा तिहेरी संसार आहे. त्यातही माझे क्षेत्र अगदी अरुंद. करारनामे, जमिनीचे व्यवहार, करविषयक दावे हे सारे माझे सहकारी पाहतात. माझ्याकडे येतो तो कामगाराला पगाराव्यतिरिक्त मिळणारा पैसा : भविष्य निर्वाह निधी, ज्याला सर्वजण नुसते 'फंड' म्हणतात; ग्रॅच्युइटी म्हणजे उपदान; निवृत्तिवेतन; आजारपणाचा विमा; बाळंतपणाची रजा; आणि कामगार वारला तर त्याच्या घरच्यांना मिळणारी रक्कम.

हा पैसा म्हणजे मालकाची कृपा असा समज आपल्या बाजारपेठेत अजूनही आढळतो. त्यामागे इतिहास आहे आणि त्या इतिहासात आपल्या मुंबई इलाख्याचा वाटा मोठा आहे. बाळंतपणाच्या काळात कामगार स्त्रीला पैसे मिळावेत यासाठीचा कायदा आपल्या इलाख्यात १९२९ साली झाला. त्याच्या आदल्याच वर्षी मुंबई विधिमंडळात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्या विधेयकाला पाठिंबा देणारे भाषण केले होते. स्वातंत्र्यानंतर १९४८ मध्ये कामगार राज्य विम्याचा, १९५२ मध्ये भविष्य निर्वाह निधीचा, १९६१ मध्ये प्रसूती लाभाचा आणि १९७२ मध्ये ग्रॅच्युइटीचा कायदा झाला. निवृत्तिवेतनाची आजची योजना १६ नोव्हेंबर १९९५ पासूनची. या विखुरलेल्या कायद्यांना एकत्र बांधणारी सामाजिक सुरक्षा संहिता संसदेने २०२० मध्ये मंजूर केली खरी, पण ती प्रत्यक्ष अमलात आली २१ नोव्हेंबर २०२५ रोजी. पाच वर्षे आम्ही दोन्ही पुस्तके टेबलावर ठेवून काम करीत होतो. असो.

आता थोडे हिशेबाचे बोलू. आपल्या समाजाला हिशेबाचा कंटाळा नाही, हे गृहीत धरते. एक कामगार बावीस वर्षे सात महिने नोकरी करून निवृत्त झाला. त्याचे अखेरचे मूळ वेतन आणि महागाई भत्ता मिळून १८,२०० रुपये. ग्रॅच्युइटी म्हणजे दर वर्षाच्या नोकरीमागे पंधरा दिवसांचे वेतन. पंधरा दिवस म्हणजे अर्धा महिना, म्हणून ९,१०० रुपये, असे कोणीही म्हणेल. पण कायदा तसे म्हणत नाही. महिन्यात कामाचे दिवस सव्वीस, उरलेले सुटीचे. म्हणून १८,२०० ला २६ ने भागायचे, ७०० रुपये रोज आला. त्याला पंधराने गुणले की १०,५०० होतात. सहा महिन्यांहून अधिक काळ हे पूर्ण वर्ष धरायचे, म्हणून बावीसऐवजी तेवीस वर्षे. एकूण २,४१,५०० रुपये. तीसने भागले असते तर २,०९,३०० झाले असते. बत्तीस हजार दोनशे रुपयांचा फरक एका भाजकामुळे पडतो. या सव्वीसासाठी कामगार सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले, १९८० मध्ये निकाल त्यांच्या बाजूने लागला आणि १९८७ मध्ये ते कायद्यातच लिहिले गेले. तरीही तीसने भागलेले कागद मी आजवर अनेक पाहिले आहेत. त्यांत लबाडी क्वचितच असते. बहुतेक ठिकाणी जुन्या कारकुनाने घालून दिलेला तक्ता नवा कारकून पुढे चालवतो. तो तक्ता शोधून काढणे हे माझे पहिले काम.

दुसरे काम अधिक अवघड. ते समजावे म्हणून एक प्रसंग सांगते. नावे, गाव, कारखाना काहीही सांगणार नाही.

कारखान्यातील एक तरुण यंत्रचालक रस्त्यावरील अपघातात गेला. वय एकतीस. घरी पत्नी, तीन वर्षांची मुलगी आणि विधवा आई. नोकरीला लागला तेव्हा तो अविवाहित होता आणि वारस म्हणून त्याने सर्व फॉर्मवर आईचे नाव लिहिले होते. लग्नानंतर नवे फॉर्म भरायचे राहून गेले. हे फार घरांत घडते. तेराव्यानंतर दोन्ही स्त्रिया कारखान्यात आल्या, एकाच रिक्षातून, परंतु एकमेकींशी बोलत नव्हत्या. आईच्या माहेरच्यांनी तिला सांगितले होते की कागदावर तुझे नाव आहे, पैसा तुझाच. सुनेच्या भावाने तिला सांगितले होते की लग्न झाले की आईचा हक्क संपतो. दोघांचेही म्हणणे अर्धवट होते. आस्थापना विभागातील अधिकाऱ्याने कागद पाहून आईच्या नावे धनादेश काढण्याची तयारी चालविली होती आणि माझ्याकडे फाइल फक्त सहीसाठी आली होती.

आता नियम पाहा. फंडाच्या १९५२ च्या योजनेनुसार सभासदाचे लग्न झाले की लग्नापूर्वीचे नामनिर्देशन आपोआप रद्द होते. नवे केले नसेल तर रक्कम कुटुंबातील पात्र व्यक्तींना समान वाटून जाते. येथे पत्नी, मुलगी आणि मुलावर अवलंबून असलेली आई असे तीन समान भाग झाले. कामगाराच्या खिशातून एक पैसाही न घेता मालकाने हप्ता भरलेल्या ठेवसंलग्न विम्याची रक्कम त्याच वाटेने जाते. २०२१ मध्ये या विम्याची कमाल मर्यादा ७ लाख रुपये करण्यात आली. निवृत्तिवेतनाचा रस्ता निराळा. ते विधवा पत्नीला आणि मुलीला मिळते. येथे एक गोष्ट सर्वांनी लक्षात ठेवावी. जिवंतपणी निवृत्तिवेतन मिळवण्यासाठी दहा वर्षांची नोकरी लागते, म्हणून पुष्कळ घरांना वाटते की माणूस तरुणपणी गेला तर काहीच मिळणार नाही. तसे नाही. नोकरीत असताना मृत्यू आला आणि एका महिन्याची जरी वर्गणी भरलेली असली तरी विधवेला निवृत्तिवेतन सुरू होते. मुलांना पंचविसाव्या वर्षापर्यंत, एका वेळी दोघांना, वेगळे मिळते. हा अर्ज न केल्यामुळे वर्षानुवर्षे काहीही न मिळालेल्या भगिनी मला भेटल्या आहेत.

ग्रॅच्युइटीची गोष्ट तिसरीच. ग्रॅच्युइटीसाठी पाच वर्षांच्या नोकरीची अट असते, पण मृत्यू आल्यास ती लागू होत नाही. आणि त्या कायद्यात अवलंबून असलेली आई हीसुद्धा 'कुटुंब' या शब्दात येते. म्हणून तिच्या नावे केलेले नामनिर्देशन केवळ लग्नामुळे रद्द होत नव्हते. एकाच दिवशी, एकाच पेनाने, एकाच आईचे नाव दोन फॉर्मवर लिहिले होते. त्यांतला एक फॉर्म निरुपयोगी ठरला आणि दुसरा जिवंत राहिला. मात्र जिवंत राहिला म्हणजे पैसा आईच्या मालकीचा झाला, असेही नव्हे. नामनिर्देशित व्यक्ती म्हणजे पैसे स्वीकारणारा हात. मालकी वारसा कायद्याने ठरते, असे सर्वोच्च न्यायालयाने विम्याच्या बाबतीत १९८४ मध्ये आणि फंडाच्या बाबतीत २००९ मध्ये सांगितले आहे. त्या २००९ च्या प्रकरणातही लग्नापूर्वी आईचे नाव लिहिलेले होते आणि समोर विधवा पत्नी होती. वारसा कोणता? हिंदू उत्तराधिकार अधिनियम, १९५६. तो आपल्या जैन समाजालाही लागू आहे, हे येथे मुद्दाम सांगते. त्यानुसार विधवा, आई आणि मुलगी या तिघी प्रथम वर्गातील वारस असून त्यांचे हिस्से समान असतात.

मी फाइलवर सही केली नाही. दोघींना एकाच खोलीत, एकाच वेळी बसवून हे सर्व सांगितले. वेगवेगळे सांगितले असते तर प्रत्येकीला वाटले असते की मी दुसरीला काही निराळे सांगितले. पुढे त्या मुलीने मला विचारले, "ताई, तुम्ही आमच्या बाजूने बोलाल ना?" मला नाही म्हणावे लागले. मी कंपनीची वकील आहे. मी तिची बाजू घेतली असती तर सासूचा विश्वास गेला असता, आणि माझे तसे करणे नियमातही बसत नव्हते. दोघींनी आपापला स्वतंत्र सल्ला घ्यावा, तालुक्याच्या विधी सेवा समितीत तो मोफत मिळतो, एवढेच मी सांगू शकले. फंड, विमा आणि निवृत्तिवेतनाचे काम सुरळीत झाले. ग्रॅच्युइटीचा धनादेश आईच्या नावे निघाला, त्यावरून वाद दिवाणी न्यायालयात गेला आणि दोन वर्षांनी तडजोडीने मिटला, असे मला नंतर कळले. ज्या घरात चूल एक होती तेथे दोन चुली झाल्या. एका फॉर्मची किंमत किती असते हे या प्रसंगाने मला जसे समजले तसे कोणत्याही पुस्तकाने समजले नव्हते.

आता कंपनीच्या बाजूकडे वळते, कारण येथे बसलेल्यांपैकी अनेकजण स्वतः मालक आहेत. कोणाची यंत्रमागाची शेड आहे, कोणाची फौंड्री, कोणाची अडत. मालकाला वाटते की हा खर्च वाचवता येतो. फंडाची वर्गणी मूळ वेतन आणि महागाई भत्त्यावर बसते, म्हणून मूळ वेतन लहान दाखवायचे आणि उरलेला पगार 'विशेष भत्ता', 'वाहतूक भत्ता', 'कपडे धुलाई भत्ता' अशा नावांनी द्यायचा, ही युक्ती फार जुनी. अशा बैठकीत मला विचारले जाते, "मॅडम, कायद्यात बसवता येईल ना?" सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१९ मध्ये सांगितले की जो भत्ता सरसकट सर्वांना दिला जातो तो मूळ वेतनाचाच भाग होय. नव्या संहितेने तर वेतनाची व्याख्याच बदलली : वगळलेले भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून अधिक झाले तर वरचा भाग वेतनात मिळवायचा. म्हणजे कागदावर पगाराचे कितीही तुकडे केले तरी निम्मा पगार वेतन म्हणून धरला जाणारच. हे मी कंपनीच्या हितासाठी सांगते. दहा वर्षांनी व्याज आणि दंडासह नोटीस येते तेव्हा वाचवलेल्या रकमेच्या कितीतरी पट भरावे लागते, आणि तोवर युक्ती सुचवणारा सल्लागार दुसऱ्या गावी गेलेला असतो.

याहूनही गंभीर गोष्ट एक आहे. कामगाराच्या पगारातून फंडाचे पैसे कापून घेतले आणि ते भरलेच नाहीत, तर ते उशिरा भरलेले देणे नव्हे. फौजदारी कायद्याने तो विश्वासघात आहे. जुन्या भारतीय दंड संहितेच्या ४०५ व्या कलमाला हे स्पष्टीकरण १९७३ मध्ये जोडले गेले आणि १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेतही ते कायम आहे. कायदा म्हणतो की पैसे कापले त्या क्षणी मालक हा त्या रकमेचा विश्वस्त झाला. या सभागृहात 'विश्वस्त' शब्दाचा अर्थ मी सांगण्याची गरज नाही. धंद्यात मंदी असते, बँकेचा हप्ता थकतो, वीजबिल थकते, आणि मग हातात असलेल्या या पैशाला हात लागतो. मालक दुष्ट असतोच असे नाही. पण तो पैसा त्याचा नसतो.

काही मोठ्या कंपन्या फंड सरकारकडे न भरता परवानगी घेऊन स्वतःचा न्यास स्थापून चालवतात. मी अशा एका न्यासाचे कामकाज काही वर्षे पाहिले आहे. त्यात मालकाचे आणि कामगारांचे प्रतिनिधी समसमान असतात, गुंतवणूक कशात करायची याचे प्रमाण सरकार ठरवून देते आणि सरकारी फंडाहून कमी व्याज देता येत नाही. कमी पडले तर कंपनीने भर घालायची. सरकारी फंडाचा २०२३-२४ चा आणि २०२४-२५ चा दर ८.२५ टक्के होता. एवढे व्याज सुरक्षित रोख्यांतून मिळवताना नाकी नऊ येतात. २०१८ मध्ये आयएल अँड एफएस समूहाने कर्जफेड थांबवली तेव्हा देशातील पुष्कळ खाजगी न्यासांकडे त्याचे रोखे होते. उत्तम मानांकन असलेले रोखे रातोरात कागद झाले. मानांकनावर विसंबून विश्वस्ताची जबाबदारी संपत नाही, हा धडा त्या वर्षी सर्वांनाच मिळाला. त्या बैठकांत कामगार प्रतिनिधींनी विचारलेले प्रश्न अर्थशास्त्राच्या पदवीधरांहून नेमके असत, कारण त्यांचा स्वतःचा पैसा त्यात होता.

कंपनीच बुडाली तर काय, असा प्रश्न मला नेहमी विचारतात. मुंबईच्या जेट एअरवेजचे उदाहरण ताजे आहे. एप्रिल २०१९ मध्ये तिची विमाने थांबली. दिवाळखोरीच्या कार्यवाहीत बँका, विमानभाडे देणाऱ्या कंपन्या, पुरवठादार असे मोठमोठे धनको होते आणि त्या रांगेत सामान्य कर्मचारी कोठे उभा राहणार, असा प्रश्न होता. ऑक्टोबर २०२२ मध्ये अपील न्यायाधिकरणाने सांगितले की भविष्य निर्वाह निधी आणि ग्रॅच्युइटीची थकबाकी पूर्ण द्यावी लागेल. जानेवारी २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यात हस्तक्षेप करण्यास नकार दिला. दिवाळखोरी संहितेतच तशी तरतूद आहे की या निधींतील रक्कम कंपनीच्या मालमत्तेत मोजायची नाही. पुढे नोव्हेंबर २०२४ मध्ये कंपनी अवसायनात काढण्याचा आदेश झाला. हक्क कागदावर मान्य होणे आणि पैसे हातात पडणे यांत किती अंतर असते, हे तेथील कर्मचाऱ्यांना विचारावे.

प्रसूती लाभाविषयी थोडक्यात सांगते. २०१७ च्या दुरुस्तीने पहिल्या दोन अपत्यांसाठी पगारी रजा बारा आठवड्यांवरून सव्वीस आठवडे झाली आणि पन्नास किंवा अधिक कर्मचारी असतील तेथे पाळणाघर आवश्यक झाले. रोजंदारीवरील स्त्रीलाही हा लाभ आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने २००० मध्येच सांगितले होते. जेथे कामगार राज्य विमा लागू नाही तेथे हा सारा खर्च एकट्या मालकावर पडतो, आणि म्हणून काही ठिकाणी नव्याने लग्न झालेल्या मुलीला नोकरीच दिली जात नाही. माझे स्पष्ट मत असे की हा भार सर्व उद्योगांनी मिळून विम्याच्या मार्गाने उचलला पाहिजे. एकेका मालकावर टाकलेला लाभ शेवटी स्त्रीच्याच विरोधात जातो.

आपल्या गावच्या बाजारपेठेविषयी न बोलता मी गेले तर ते योग्य होणार नाही. अडत दुकानातील हमाल दिवसभरात दहा दुकानांची पोती वाहतो. त्याचा मालक कोण? या प्रश्नाचे उत्तर महाराष्ट्राने १९६९ च्या माथाडी कायद्याने दिले आणि ते उत्तर मला आजही अभिमानाचे वाटते. अण्णासाहेब पाटलांनी मुंबईत, बाबा आढावांनी पुण्यात हमालांना संघटित केले, त्या चळवळींचा हा काळ. मजुरीबरोबर ठरावीक टक्के लेव्ही मंडळाकडे भरायची आणि मंडळाने हमालाचा फंड, ग्रॅच्युइटी, सुटीचा पगार सांभाळायचा. अनेक मालकांचे मिळून एक मालकपण मंडळाने पत्करले. लेव्ही जाचक वाटते अशी तक्रार आपल्या व्यापारी बांधवांकडून मी ऐकते. मंडळांच्या कारभाराबद्दलच्या काही तक्रारी रास्तही आहेत. पण पाठीवर पोते घेऊन तीस वर्षे काढलेल्या माणसाला म्हातारपणी चार पैसे मिळण्याचा दुसरा मार्ग कोणी दाखवलेला नाही.

आणि आपल्या संस्थांचे काय? शाळा असेल तर शिक्षकांना ग्रॅच्युइटी लागू आहे. २००४ मध्ये न्यायालयाने शिक्षक त्या वेळच्या व्याख्येत बसत नाहीत असे म्हटले होते. २००९ मध्ये संसदेने कायदा दुरुस्त केला, तोही ३ एप्रिल १९९७ पासून मागे जाऊन, आणि २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती वैध ठरवली. मंदिराचे पुजारी, वसतिगृहातील आचारी, भोजनशाळेत वाढणाऱ्या बायका, रात्रीचा पहारेकरी यांना कोणता कायदा कितपत लागू होतो हे प्रत्येक संस्थेचे कागद आणि कर्मचाऱ्यांची संख्या पाहून ठरवावे लागते. त्याला सरसकट उत्तर नाही. परंतु कायदा लागू नसला तरी मार्ग बंद नाही. कर्मचारी वीसपेक्षा कमी असले तरी त्यांच्या बहुमताच्या संमतीने फंड स्वेच्छेने लागू करून घेता येतो. आयुर्विमा महामंडळाची गट ग्रॅच्युइटी योजना आहे. दरवर्षी थोडी रक्कम भरत गेले तर कोणी निवृत्त होताना देणगीदारांकडे जावे लागत नाही. आचारी म्हातारा झाला की निरोप समारंभ करायचा, शाल-श्रीफळ आणि पाकीट द्यायचे, ही पद्धत प्रेमाची आहे, पण पाकिटात किती घालायचे हे त्या दिवशीच्या सभेच्या मर्जीवर असते. विश्वस्तांनी या वर्षीच्या अंदाजपत्रकात त्यासाठी एक शीर्ष उघडावे, अशी माझी नम्र विनंती आहे.

कायद्याचे शिक्षण घेत असलेल्या येथील मुलामुलींना दोन गोष्टी सांगते. या कामाला वक्तृत्वापेक्षा चिकाटी अधिक लागते. हजेरीपट, पगारपत्रक, जमाखर्च वाचता आले पाहिजे. जन्मतारखेतील एका आकड्याच्या चुकीने अडलेला दावा सोडवण्यात आठवडा जातो आणि त्याचे कोणी टाळ्या वाजवून कौतुक करीत नाही. दुसरी गोष्ट अशी की तुम्हाला दोन बाजूंच्या मध्ये उभे राहावे लागेल. कामगार म्हणतो तुम्ही मालकाचे, मालक म्हणतो तुम्ही कामगारांना फार शिकवता. न्यायालयात जाणाऱ्या वकिलाला अशिलाशी झालेल्या बोलण्याच्या गोपनीयतेचे जे पूर्ण कवच असते तेही तुम्हाला नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की पगारी विधी अधिकाऱ्याला ते वकिली संरक्षण मिळत नाही, कायदेशीर सल्लागार म्हणून मर्यादित संरक्षण तेवढे मिळते. म्हणून सल्ला देताना, उद्या तो कागद कोणीही वाचला तरी आपल्याला मान खाली घालावी लागू नये, अशा भाषेत द्यावा. मी तरी तसाच प्रयत्न करीत आले आहे.

समितीने सभागृहाबाहेर एक टेबल आणि दोन खुर्च्या मांडल्या आहेत. ज्यांच्या घरात कोणी नोकरीला आहे त्यांनी त्याच्या फंडाच्या खात्यावर वारस म्हणून कोणाचे नाव आहे ते आज रात्री विचारावे. ते आता घरबसल्या संगणकावर बदलता येते, त्यासाठी आधार क्रमांक खात्याशी जोडलेला असावा लागतो. ग्रॅच्युइटीचा फॉर्म मात्र वेगळा आणि तो मालकाकडेच द्यायचा असतो. एक बदलला म्हणजे दुसरा आपोआप बदलत नाही. लग्न, अपत्यजन्म, घरातील मृत्यू, यांपैकी काहीही घडले की दोन्ही फॉर्म काढून पाहावेत. उद्या रविवारी सकाळी नऊ ते बारा मी त्या टेबलाशी बसणार आहे. ज्यांना कागद दाखवायचे असतील त्यांनी झेरॉक्स प्रत घेऊन यावे, मूळ कागद घरीच ठेवावेत.